एक डॉक्टर, सात नोंदी: ठाण्यातल्या तीन मेडिकल दुकानांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात एकाच कुटुंबाची तीन मेडिकल दुकानं आहेत. सगळ्यात जुनं नौपाड्यात, दुसरं वर्तकनगरला आणि तिसरं घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुढे. नौपाड्याचं दुकान मालकांच्या वडिलांनी सुरू केलेलं. तिथे आधी वह्या होत्या, मग डॉसवर चालणारं बिलिंग आलं आणि त्यानंतर आजचं सॉफ्टवेअर. बाकीच्या दोन दुकानांचा डेटा सुरुवातीला स्वतंत्र होता. पुढे तिन्ही दुकानं जोडली, तेव्हा तिन्हींचे डॉक्टर मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या डॉक्टरांच्या याद्या, जसेच्या तसे एकमेकांत ओतले गेले. बिलं निघत होती, स्टॉक जुळत होता, त्यामुळे डॉक्टरांच्या यादीकडे पाहायची गरज कुणाला वाटली नाही.

मी स्वतः फार्मासिस्ट आहे आणि मेडिकल दुकानांच्या सॉफ्टवेअरची बसवणी आणि डेटा दुरुस्ती हे माझं काम. दुकानाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आडनावं बदलली आहेत. अडचण मात्र जशी होती तशीच मांडते, कारण ती ठाण्यातच काय, जिथे जिथे काउंटरवर घाईत बिल होतं तिथे तिथे आहे.

अडचण कशी समोर आली

नौपाड्याच्या वरिष्ठ फार्मासिस्टना दुकानात सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन. क्षयरोगाची औषधं घेणाऱ्या रुग्णांची माहिती सरकारी यंत्रणेला कळवण्याचं काम त्यांच्याकडे आहे. मार्च 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेपासून ही जबाबदारी औषध विक्रेत्यावरही आहे, आणि कळवताना औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरचा तपशीलही लागतो. ताईंनी छातीविकाराच्या एका डॉक्टरांच्या नावाने रिफॅम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाची यादी काढली. नावं कमी वाटली. कोलशेतच्या एका कॉलेजच्या मुलाची आई दर महिन्याला स्वतः येऊन औषध नेते, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. तो मुलगा यादीत नव्हता.

बिल शोधलं तर सापडलं, पण दुसऱ्याच डॉक्टरच्या नावावर. म्हणजे डॉक्टर तेच, नोंद दुसरी. ताईंनी आडनावाची पहिली चार अक्षरं टाइप केली आणि खाली सात ओळी उघडल्या. एकीत आडनावापुढे फक्त आद्याक्षर, एकीत पूर्ण नाव, एकीत आधी 'डॉक्टर' आणि मग नाव, एकीत आडनावाला चिकटून हॉस्पिटलचं नाव. दोन नोंदींत फक्त स्पेलिंगचा फरक. सातव्या नोंदीत नाव बरोबर होतं, पण नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात पाच शून्यं.

हा प्रश्न यादी नीटनेटकी करण्यापुरता नव्हता. शेड्यूल एच-वन, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची सरकारी यादी, 1 मार्च 2014 पासून लागू झालं. त्यात सुरुवातीला 46 औषधं होती: क्षयरोगाची बरीचशी, सेफिक्झीम-सेफ्ट्रायाक्झोनसारखी प्रतिजैविकं, सवय लागू शकणारी आल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल वगैरे. ही औषधं देताना डॉक्टरचं नाव आणि पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेलं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये त्याच वेळी लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. एकाच डॉक्टरच्या सात नोंदी असतील, तर त्यांच्या चिठ्ठीवर आल्प्राझोलाम किती गेलं याचं उत्तर सात तुकड्यांत मिळतं. एखादा माणूस तीच चिठ्ठी तिन्ही दुकानांत फिरवत असेल, तर तेही दिसत नाही.

नोंदी दुबार का झाल्या

संध्याकाळी सात ते नऊ काउंटरवर उभं राहिलं की कारण कळतं. चार माणसं समोर, एकाच्या हातात मोबाइलवरचा चिठ्ठीचा फोटो, अक्षर लागत नाही. बिल करणारा मुलगा डॉक्टरच्या रकान्यात दोन अक्षरं टाकतो, लगेच नाव दिसलं नाही की 'नवीन' दाबतो. सॉफ्टवेअर अडवत नाही. बिल चाळीस सेकंदांत होतं. मुलाची चूक म्हणावी तर त्याला याहून वेगळं काही शिकवलेलंच नव्हतं.

दुसरं कारण आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगचं. मराठी 'व' साठी कुणी व्ही टाइप करतो, कुणी डब्ल्यू. सावंत, जाधव, वाघ, सोनवणे ही सगळी आडनावं त्यामुळे फुटतात. सॉफ्टवेअरमध्ये 'सारखी नावं दाखवा' अशी सोय होती आणि मालकांचा सगळा भरवसा तिच्यावर होता. तिच्यामागे साउंडेक्स ही पद्धत आहे असं कंपनीच्या माणसाकडून कळलं. 1918 साली अमेरिकेत पेटंट झालेली ही पद्धत इंग्रजी आडनावांसाठी बनलेली. ती पहिलं अक्षर तसंच ठेवते, पुढच्या व्यंजनांना आकडे देते, डब्ल्यू सोडून देते आणि व्ही मात्र मोजते. कागदावर मांडून पाहिलं: डब्ल्यूने लिहिलेल्या सोनवणेचा कोड येतो एस-550, व्हीने लिहिलेल्या सोनवणेचा एस-515. आणि सोमणचा? तोही एस-550. म्हणजे ही सोय दोन सोनवण्यांना वेगळं ठरवते आणि सोनवणे-सोमण एकच असावेत असं सुचवते. हे पाहिल्यावर मालकांचा 'एक बटण दाबून सगळं एकत्र करू' हा आग्रह बराच सैल झाला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे जुनं तसंच ठेवायचं आणि फक्त नव्या दुबार नोंदी थांबवायच्या. स्वस्त आणि बिनधोक, पण ताईंची यादी अपुरीच राहणार. दुसरा, सॉफ्टवेअरच्या सूचनेप्रमाणे सरसकट विलीनीकरण. याला वर सोमण-सोनवणे हेच उत्तर. तिसरा, कंपनीला पैसे देऊन डेटाबेसमध्ये मागच्या दाराने काम करून घ्यायचं. त्यांना तांत्रिक काम येतं, पण नौपाड्यातले दोन जोशी एक आहेत की दोन, हे त्यांनी कुणाला विचारायचं?

चौथा पर्याय वेळखाऊ होता: प्रत्येक संशयित जोडी माणसाने तपासायची, नोंदणी क्रमांकाचा पुरावा मिळाला तरच एकत्र करायची, आणि जुनं नाव पुसून न टाकता बंद करून ठेवायचं. आम्ही हाच घेतला, मात्र सगळ्या यादीसाठी नाही. आधी ज्यांच्या नावावर गेल्या तीन वर्षांत एच-वनची औषधं गेली आहेत ते डॉक्टर, मग नेहमीचे, आणि एकदोनदाच आलेली नावं शेवटी.

तीन वर्षांची सीमा रजिस्टरच्या मुदतीवरून धरली. मालकांना ती लगेच पटली. ताईंना नाही. 'जुना रुग्ण परत आला तर मागची औषधं पाहायची असतात,' हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून जुन्या नोंदी हटवायच्या नाहीत, शोधात दिसल्या तरी चालतील, असं ठरलं.

निर्णयाचा पहिला टप्पा: एकच डॉक्टर कशावरून?

डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर द्यावा असं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या विनियमांत आहे, त्यामुळे बहुतेक छापील लेटरहेडवर तो सापडतो. पण नुसता क्रमांक पुरत नाही. ॲलोपॅथीचे डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेदाचे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीचे त्यांच्या परिषदेकडे आणि दंतवैद्य त्यांच्या परिषदेकडे नोंदलेले असतात. प्रत्येकीची क्रमांकांची मालिका स्वतंत्र. जुन्या काळचा पाच आकडी क्रमांक दोन परिषदांत दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो. या यादीत तसं एक उदाहरण निघालंच: एक दंतवैद्य आणि एक फिजिशियन, एकच क्रमांक. म्हणून 'परिषद आणि क्रमांक मिळून ओळख' असा नियम केला आणि मास्टरमध्ये परिषदेचा रकाना वाढवून घेतला.

क्रमांकही एकसारखा लिहिलेला नसतो. मेडिकल कौन्सिलचे अलीकडचे क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रम अशा तीन भागांत, मध्ये तिरक्या रेघा देऊन असतात. कुणी रेघा गाळतं, कुणी महिन्याचा शून्य गाळतं, कुणी पुढे परिषदेचं नाव जोडतं. आधी हे सगळे एका साच्यात आणले आणि मगच जुळवणी केली. शंका आली तिथे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये नाव पडताळलं. औषध कंपन्यांच्या एमआरकडे, म्हणजे डॉक्टरांना भेटणाऱ्या प्रतिनिधींकडे, डॉक्टरांच्या तयार याद्या असतात आणि एकाने ती देऊही केली होती. ती घेतली नाही. ती यादी भेटींसाठी केलेली असते, ओळख सिद्ध करण्यासाठी नाही.

दुसरा टप्पा: बाप-लेक आणि नवरा-बायको

क्रमांक नसलेल्या नोंदींसाठी फोन, पत्ता आणि आडनाव या तिन्हींचा मेळ बसला तर एकत्र करावं, असं मालकांनी सुचवलं. ऐकायला ठीक वाटतं. पण ठाण्यातल्या जुन्या दवाखान्यांचा विचार करा. राममारुती रोडच्या आसपासचा एखादा दवाखाना वडिलांनी चालवला, आता मुलगा बसतो. तोच पत्ता, तोच लँडलाइन, तेच आडनाव, कधीकधी आद्याक्षरही तेच. एका ठिकाणी नवरा-बायको दोघं एकाच लेटरहेडवर लिहितात, तो फिजिशियन आणि ती स्त्रीरोगतज्ज्ञ.

वडील-मुलाची एक जोडी फोन-पत्त्याच्या कसोटीला पूर्ण उतरली होती. ताईंनी स्कॅन केलेल्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. वडिलांची सही एका फटकाऱ्यात, खाली एमबीबीएस. मुलाची सही सुटी सुटी, खाली एमडी आणि वेगळा क्रमांक. ती जोडी एकत्र झाली असती, तर प्रॅक्टिस थांबवलेल्या माणसाच्या नावावर नवी झोल्पिडेमची विक्री चढत राहिली असती.

त्यानंतर नियम बदलला: पुरावा नसेल तर दोन नोंदी दोनच राहतील. वेगळ्या राहिलेल्या नोंदी उद्याही एकत्र करता येतात. पण एकत्र झालेली हजार बिलं पुन्हा कोणती कुणाची हे वेगळं करायला प्रत्येक चिठ्ठी काढावी लागते, आणि या सॉफ्टवेअरमधल्या विलीनीकरणाला मागे फिरण्याचा रस्ताच नव्हता.

तिसरा टप्पा: जुन्या रजिस्टरला हात लागतो का?

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा शोध इथे लागला. आम्ही बॅकअपवरून एक वेगळी प्रत उभी केली आणि त्या प्रतीत काही नोंदी एकत्र करून पाहिल्या. बिलं जुळली, रकमा जुळल्या. मग मागच्या वर्षीचं एच-वन रजिस्टर काढलं, तर त्यातला डॉक्टरचा पत्ता बदललेला. औषध दिलं त्या दिवशी चिठ्ठीवर वर्तकनगरचा पत्ता होता. रजिस्टर आता मानपाड्याचा दाखवत होतं.

कारण साधं आहे. सॉफ्टवेअर बिलात फक्त डॉक्टरचा कोड साठवतं. नाव आणि पत्ता रजिस्टर छापताना मास्टरमधून उचलतं. मास्टर बदललं की मागचं सगळं रजिस्टर बदलतं. औषध देण्याच्या वेळी केलेली नोंद म्हणून जे दाखवायचं, तेच नंतरच्या दुरुस्तीने फिरत असेल तर तपासणीत ते टिकत नाही. आणि हे विलीनीकरणानेच होतं असंही नाही. डॉक्टरने दवाखाना हलवला आणि कुणी मास्टरमध्ये पत्ता बदलला, तरी हेच होणार.

यावर दोन गोष्टी ठरल्या. विलीनीकरणाआधी तिन्ही दुकानांची त्या दिवसापर्यंतची रजिस्टरं छापायची, प्रत्येक पानावर त्या दुकानाच्या फार्मासिस्टची सही आणि तारीख, आणि पीडीएफ वेगळ्या डिस्कवर. दुसरं, औषध देतानाचं नाव आणि पत्ता बिलातच साठवला जावा, अशी लेखी मागणी कंपनीकडे करायची.

चौथा टप्पा: दोन दवाखाने, एक डॉक्टर

सकाळी नौपाड्यात आणि संध्याकाळी घोडबंदरला बसणारे डॉक्टर ठाण्यात भरपूर. माणूस एक, क्रमांक एक, पत्ते दोन. सॉफ्टवेअरमध्ये एका डॉक्टरला एकच पत्ता. मालकांना वाटत होतं, एक डॉक्टर म्हणजे एक नोंद, नाहीतर एवढा खटाटोप कशाला? ताईंचं मत उलटं: रजिस्टरमध्ये चिठ्ठीवरचाच पत्ता हवा आणि शंका आल्यावर फोनही त्या दवाखान्यातच लागला पाहिजे. इन्सुलिनचं युनिट नीट वाचता येत नसताना बंद असलेल्या दवाखान्यात घंटी वाजत राहिली, तर रुग्ण काउंटरवर ताटकळतो.

मी ताईंच्या बाजूने होते. अशा डॉक्टरांच्या दोन नोंदी मुद्दाम ठेवल्या, नावापुढे ठिकाण लिहिलं आणि दोन्हींत परिषद व क्रमांक तोच टाकला. अहवाल डॉक्टरच्या कोडवरून न काढता नोंदणी क्रमांकावरून काढायचा, असा वेगळा अहवाल बनवून घेतला. त्यामुळे दुबार दिसणाऱ्या काही नोंदी आजही यादीत आहेत आणि त्या तशाच राहायला हव्यात.

प्रत्यक्ष काम

तिन्ही दुकानांचा डेटा रात्री एकमेकांशी जुळवला जातो. मुख्य दुकानात कोड बंद केला आणि दुसरीकडे त्याच कोडवर बिल चालू असेल, तर रात्री तो कोड पुन्हा जिवंत होऊन येतो. म्हणून काम रविवारी दुपारी, तिन्ही दुकानं बंद असताना, आधी जुळवणी पूर्ण झाल्याची खात्री करून. दर वेळी थोड्याच जोड्या, आधी बॅकअप. प्रत्येक जोडीला एका तक्त्यात एक ओळ: जुना कोड, राहणारा कोड, पुरावा काय, कुणी तपासलं, तारीख. राहणारी नोंद निवडताना सगळ्यात जास्त बिलं कुठली हे पाहिलं नाही. पडताळलेला क्रमांक जिच्यात होता तीच ठेवली.

काही डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यासाठी उधारीवर इंजेक्शनं आणि सलाइन नेतात. ते सॉफ्टवेअरमध्ये पार्टी, म्हणजे उधारीचे खातेदार, म्हणूनही असतात आणि त्यांच्या खात्यावर बाकी असते. ही खाती अकाउंटंटने बाकी जुळवून दिल्याशिवाय हातात घ्यायची नाहीत असं ठरवलं, आणि ती सर्वांत शेवटी झाली.

नव्या नोंदींसाठी क्रमांक सक्तीचा करावा, ही सूचना साहजिकच आली. ती नाकारली. सक्ती केली की रकान्यात पाच शून्यं किंवा एक-दोन-तीन-चार-पाच येतात, हे मास्टरमध्येच दिसत होतं. त्याऐवजी काउंटरवरून केलेली नवी नोंद 'तात्पुरती' म्हणून उघडते. बिल अडत नाही. दुकान बंद करण्याआधी फार्मासिस्ट दिवसभराच्या तात्पुरत्या नोंदी चिठ्ठीच्या फोटोशी ताडून पक्क्या करतात किंवा जुन्या नोंदीकडे वळवतात. एच-वनचं औषध असेल तर मात्र नाव आणि पत्ता पूर्ण असल्याशिवाय बिल होत नाही.

परिणाम

छातीविकाराच्या त्या डॉक्टरांच्या सात नोंदींच्या दोन झाल्या, प्रत्येक दवाखान्याची एक. कोलशेतच्या मुलाचं नाव आता त्यांच्याच यादीत येतं. आल्प्राझोलामचा डॉक्टरवार अहवाल पहिल्यांदा तिन्ही दुकानांचा मिळून निघाला आणि त्यात एकच रुग्ण दोन दुकानांतून एकाच महिन्यात घेऊन गेल्याचं दिसलं. ताईंनी डॉक्टरांना फोन केला. चिठ्ठी खरी होती. रुग्णाच्या मुलाने आणि सुनेने एकमेकांना न सांगता औषध नेलं होतं. घरातल्या वयस्क माणसाकडे दुप्पट गोळ्या पडून होत्या, त्यांचं काय करायचं हे डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं. या एका फोनसाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला असं मला मनापासून वाटतं.

सगळंच सुटलं असं नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या चिठ्ठ्यांवर सही करणाऱ्या निवासी डॉक्टरचं नाव अनेकदा लागत नाही, म्हणून काउंटरवर रुग्णालयाचंच नाव डॉक्टर म्हणून टाकायची सवय होती. त्या नोंदींमध्ये कित्येक डॉक्टरांची बिलं मिसळलेली आहेत. त्या उलगडल्या नाहीत, फक्त नव्या बिलांसाठी बंद केल्या.

पुन्हा करायचं झालं तर

काउंटरवरच्या मुलांना पहिल्या दिवसापासून बसवायला हवं. त्यांना आधी सांगितलं गेलं नाही, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस ओळखीचं नाव सापडेना म्हणून त्यांनी पुन्हा नव्या नोंदी केल्या. जुन्या स्पेलिंगने शोधलं तरी चालू नोंद समोर यावी, ही सोय विलीनीकरणाच्या आधी हवी होती. ती नंतर आली.

नेहमीच्या डॉक्टरांकडून लेटरहेडची एक कोरी रद्द केलेली प्रत आणि दोन्ही दवाखान्यांच्या वेळा आधीच मागून घेतल्या असत्या, तर पडताळणीचं निम्मं काम वाचलं असतं. नंतर मागितल्या तेव्हा बहुतेकांनी आनंदाने दिल्या.

आणि रजिस्टरचा पत्ता बदलतो का, ही चाचणी विलीनीकरणाचा विषय निघायची वाट न पाहता कुठल्याही मेडिकल दुकानाने आजच करावी. बॅकअपच्या प्रतीत एका डॉक्टरचा पत्ता बदला आणि मागच्या महिन्याचं एच-वन रजिस्टर पुन्हा काढा. या दुकानांसाठी कंपनीने बिलात पत्ता साठवण्याचं मान्य केलं आहे, पण ते अजून आलेलं नाही. तोवर प्रत्येक महिन्याच्या शेवटी तिन्ही दुकानांत रजिस्टर छापून, सही करून फाइलला लावलं जातं.